आईच्या वाट्याला आलेला उद्गार

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या गावच्या देवळात सात उद्गार सात जणांना वाटून दिले जातात, आणि कुणाला कोणता मिळाला यावरून पुढचं वर्षभर रुसवेफुगवे चालतात. वधस्तंभावरून प्रभू येशू सात वेळा बोलला. त्यातल्या एकेका बोलण्यावर एकेकाने दहा-पंधरा मिनिटं बोलायचं, मध्ये गीत, मध्ये प्रार्थना, असं दुपारी बारा ते तीन. ही रीत पुष्कळ मंडळ्यांत आहे. आमच्याकडे मात्र उद्गारांनाही मानपान चिकटला. पहिला क्षमेचा, तो कायम गुरुजींचा. दुसरा, शेजारच्या चोराला स्वर्ग देणारा, तो पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेल्या एखाद्या साहेबाचा. तिसरा आईविषयीचा म्हणून बायकांचा, म्हणजे शिकलेल्या बायकांचा. नर्स नाहीतर मास्तरीण. शेवटचा पाळकांचा. तहानेचा उद्गार तरुण संघाला देतात, कारण त्यावर फारसं बोलण्यासारखं नाही असा पंचांचा समज आहे. उन्हाळ्यात टँकरमागे हंडे घेऊन पळणाऱ्या जिल्ह्यात हा समज कसा टिकला ते त्यांनाच ठाऊक.

माझ्या आईला आयुष्यभर एकही उद्गार मिळाला नव्हता. ती जेमतेम चौथी शिकलेली. देवळाच्या सतरंज्या तिने झटकल्या, नाताळात सगळ्या वस्तीच्या करंज्या तिने तळल्या, कुणाच्या घरी मयत झाली की पहिला चहा तिच्या चुलीवरून गेला. पण बोलायला उभं राहावं अशी ती कुणाला वाटली नाही. आणि शेवटी उद्गार मिळाला तो एकदम पहिला मिळाला, क्षमेचा. त्यामागे आदर नव्हता. कशामुळे मिळाला ते सांगायचं तर आधी लग्नाचं सांगावं लागेल.

माझ्या भावाच्या, दादाच्या मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने, नगरच्या एमआयडीसीत तिच्याबरोबर काम करणाऱ्या मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा बौद्ध. त्याचे आणि आमचे पूर्वज एकाच वेशीबाहेर राहत होते, एकाच विहिरीपाशी कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून उभे राहत होते. आमच्यातल्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्यातल्यांनी पुढे दीक्षा घेतली. दोघांनीही एकाच जाचातून सुटण्यासाठी ते केलं. आडनावसुद्धा सारखं निघालं. पण दादाला हे सांगायला गेलं की तो म्हणायचा, "त्यांचं येगळं, आमचं येगळं." तो लग्नाला गेला नाही, वहिनीलाही त्याने जाऊ दिलं नाही. त्याला पुढच्या निवडीत पंच व्हायचं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

आई मात्र लग्नाला गेली. मी नगरलाच राहते. मीच तिला हॉलवर घेऊन गेले. बुद्धमूर्तीपुढे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मेणबत्ती लावायची होती. मुलाकडचे लावून झाले. मुलीकडून कोण, म्हणून सगळे थांबले, आणि पांढऱ्या साडीतली माझी भाची मान खाली घालून उभी राहिली. तेव्हा आई गुडघ्यावर हात देत उठली, पुढे गेली आणि तिने मेणबत्ती लावली. मग नातीच्या डोक्यावर हात ठेवून, डोळे मिटून तिने आपली नेहमीची प्रार्थना केली, येशूच्या नावाने, चांगली मोठ्या आवाजात. समोर विधी चालवणारे भन्तेजी शांतपणे थांबले. तिचं आमेन झाल्यावर त्यांनी हात जोडले. इतकं चांगलं काही मी त्यानंतर कुठल्या देवळात पाहिलेलं नाही.

कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं होतं. आठवड्याच्या आत ते गावात पोचलं, आणि पंचांची सभा बसली. गुरुजी पंचांचे अध्यक्ष. निवृत्त मुख्याध्यापक, माझ्या वडिलांचे सोबती, आमच्या घरी शेकडो वेळा जेवलेले. त्यांनीच ठराव मांडला की बाईंनी दुसऱ्या देवापुढे दिवा लावला, तेव्हा मंडळीपुढे उभं राहून कबुली देईपर्यंत त्यांना प्रभुभोजनाला बसता येणार नाही. मलाही त्यांनी धरलं असतं, पण माझ्या लग्नानंतर माझं सभासदत्व नगरच्या मंडळीत गेलं, आणि तिथल्या पंचांना माझं नावसुद्धा नीट ठाऊक नाही. शहरात राहिल्याचा एवढा एक फायदा.

निरोप घेऊन आलेल्या पंचाला आईने चहा दिला आणि विचारलं, "म्या काय चोरी केली का? नातीच्या डोक्यावर हात ठिवला. त्याची कबुली काय द्यायची?"

"दिवा लावला ना, मावशी."

"मेनबत्ती व्हती. आपन नाताळाला लावतो तसलीच."

तो चहा पिऊन गेला. ठराव तसाच राहिला.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. लोक सतरंज्यांवर बसतात, उजवीकडे पुरुष, डावीकडे बाया. पंच आधी भाकरीच्या तुकड्यांचं आणि मग द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचं ताट घेऊन रांगेरांगेतून वाकत जातात. आई तिच्या नेहमीच्या जागी, दुसऱ्या रांगेत बसायची. ताट तिच्यापाशी आलं की पंच कंबर सरळ करायचा, ताट तिच्या डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि शेजारच्या बाईपुढे पुन्हा वाकायचा. दीड-दोन वर्षं हे असं चाललं. आई नजर खाली घालत नसे. ताट येताना त्याच्याकडे पाही, जाताना पाही. पलीकडच्या बाजूला दादा आपला तुकडा घेऊन डोळे मिटायचा. मी ज्या रविवारी गावी असे, त्या रविवारी मी ताट हाताने पुढे सरकवत असे, आणि आई मला पदराआड चिमटा काढायची. "घे गं. माझ्यापायी तू कशाला उपाशी राहती?"

एकदा मी तिला म्हटलं, नगरला ये, माझ्या मंडळीत बस, तिथे कुणी विचारणार नाही. ती म्हणाली, "न्हाई. ज्या पंगतीतनं उठवलं त्याच पंगतीत बसून खाईन. न्हाईतर ऱ्हाईल."

बाया तशा वाईट नव्हत्या. कुणी कालवण आणून द्यायची, कुणी संध्याकाळी तिचे गुडघे चोळून द्यायची. पण ताट डोक्यावरून गेलं की त्याच बाया आपला तुकडा उचलून गप्प तोंडात टाकायच्या. मला त्यांची चीड यायची, अजून येते. पंगतीतून उठवणं म्हणजे काय हे आमच्या लोकांना कुणी शिकवायला नको होतं. आमच्या आज्या-पणज्यांना साऱ्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या उठवलं होतं. त्या अपमानातूनच ते देवळात आले. आणि देवळात येऊन आम्ही शिकलो काय, तर दुसऱ्याला कसं उठवायचं ते, तेही नियमाला धरून आणि प्रार्थना करून.

यातलं काहीही भाचीला कळू द्यायचं नाही, असं आईने मला बजावलं होतं. दादाचं दार भाचीला बंद होतं, म्हणून आई एसटीने नगरला माझ्याकडे यायची आणि तिथे दोघींची भेट व्हायची. पुढे भाचीला मुलगी झाली, तेव्हा आईने पणतीला मांडीवर घेऊन तिच्या कानात हळदीकुंकवाच्या गाण्यांपासून ख्रिस्ती भजनांपर्यंत येतील ती सगळी गाणी म्हटली. भाची मधूनच विचारायची, "आजी, देवळात तुला कुणी काही बोलत नाही ना?" आई म्हणायची, "मला कोन काय बोलनार?" भाची निघून गेल्यावर मला म्हणायची, "तिला सांगशील तर माझी शपथ हाय तुला. पोरीचा संसार नवा. आपल्यापायी आजीला उठवलं म्हनून झुरत बसंल."

मग नवे पाळक आले. तरुण, गोडबोले, कुणाचंही मन न दुखवणारे. म्हणजे ज्याचं मन दुखवून काही बिघडत नाही त्याचंच तेवढं दुखवणारे. मंडळीत एक म्हातारी भाकरीवाचून बसते हे त्यांना बरं दिसत नव्हतं. गुरुजींना ठराव मागे घ्यायचा नव्हता. तेव्हा दोघांनी मिळून मधला रस्ता काढला. चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागायच्या आधी पाळक घरी आले आणि म्हणाले, "आजी, यंदा पहिला उद्गार तुम्ही घ्या. गुरुजींनी स्वतः होऊन तुमच्यासाठी सोडलाय."

आई बघतच राहिली. "म्या?"

"क्षमेवर बोलायचं. बोलता बोलता स्वतःविषयी दोन शब्द आले तर पंच तेवढ्यावर समाधान मानतील. वेगळं उभं राहायला नको, काही नको. ईस्टरला तुम्ही प्रभुभोजनाला बसाल."

"कुनाच्या क्षमेवर बोलायचं, पाळकसाहेब?"

"प्रभूने केलेल्या क्षमेवर."

"मंग बोलते," आई म्हणाली.

मी तिला सांगितलं की हा सापळा आहे. तिला ते कळत नव्हतं असं नाही. ती म्हणाली, "आसू दे. बोलू तर देत्यात." ती खुशीत होती. त्या चाळीस दिवसांत तिने आपलं बोलणं घडवलं, ज्वारी निवडताना, भाकरी थापताना, माझ्याकडे आली की बाजेवर पडल्या पडल्या. कागद नव्हताच. मी ते इतक्या वेळा ऐकलं की मला पाठ झालं.

त्याचे दोन भाग होते. पहिल्यात ती म्हणायची, "प्रभूला ज्यांनी खिळलं त्यांनी माफी मागितली नव्हती. कुनी उभं राहून कबुली दिली नव्हती. ते घन मारीत व्हते, अन् त्यांचा घन खाली यायच्या आधीच त्यानं त्यांना सोडलं. मागितल्यावर तर सावकारबी देतो." आणि दुसऱ्यात म्हणायची, "म्या नातीच्या लग्नाला गेले. तिच्यासाठी प्रभूचं नाव घेतलं. त्यात मला पाप दिसत न्हाई. तुमाला दिसलं, तुमी मला उठवलं. ते म्या कवाच सोडून दिलंय. तुमी मागायची वाट पाह्यली न्हाई." एवढंच तिचं भाषण. मी त्याला एक शब्द जोडला नाही आणि त्यातला एक काढला नाही.

त्या शुक्रवारी देऊळ भरलं होतं. वीज गेलेली, पंखे बंद, बाया हातातल्या गीतांच्या पुस्तकांनी वारा घेत होत्या. आई पांढऱ्या लुगड्यात पुढे गेली. वरच्या व्यासपीठावर तिला चढवलंच नाही. खाली प्रभुभोजनाच्या मेजाशी उभी राहा म्हणाले. त्या दिवशी शेवटी प्रभुभोजन होतं, म्हणून मेजावर ताटं मांडून वर पांढरं कापड घातलेलं होतं. आईने आधारासाठी मेजावर हात टेकला आणि बोलायला लागली. पहिला भाग तिने न अडखळता म्हटला. सावकाराचं वाक्य आलं तेव्हा पुरुषांच्या बाजूला कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मला वाटलं, आता ही सगळ्यांना पुरून उरते.

आणि मग तिचं लक्ष आपल्या हाताकडे गेलं. कापडाखाली भाकरीचं ताट होतं, तिच्या बोटांखाली. इतक्या जवळ ती जवळजवळ दोन वर्षांत आली नव्हती. तिचा आवाज गेला. ती रडायला लागली. वडील गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. अंग गदगदा हलत होतं आणि आवाज बाहेर येत नव्हता. तिने एक हात वर केला, थांबा म्हणून. तिला अजून बोलायचं होतं. मला ते दिसलं, आणि गुरुजी माझ्यापेक्षा जवळ बसले होते, त्यांना दिसलं नसेल असं मी मानत नाही.

गुरुजी उठले. तिचा तो वर केलेला हात त्यांनी आपल्या हातात घेतला आणि म्हणाले, "पुरे, वहिनी. देवाने ऐकलं." मग मंडळीकडे वळले. "आपल्या बहिणीने अश्रूंनी कबुली दिली आहे. मंडळी तिला क्षमा करते काय?" सगळं देऊळ 'होय' म्हणालं. किती मोकळेपणाने म्हणालं. सगळ्यांना एकदाचं सुटायचं होतं. बाया डोळे पुसत होत्या, पाळकांनी पेटीवाल्याला खूण केली, आणि दुसऱ्या उद्गाराचे साहेब आपला चष्मा पुसत उभेही राहिले. मी जाऊन आईला धरून आणलं. खाली बसताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "ऱ्हायलं माझं."

शेवटी ताट फिरलं. पंच तिच्यापुढे वाकला. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. तिने तुकडा घेतला, दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतला, आणि खाल्ला.

घरी आल्यावर मी तिच्यावर तोंड टाकलं. म्हटलं, तू न केलेली कबुली त्यांनी तुझ्या नावावर लावली आणि तू त्यांचीच भाकर खाल्लीस. तिने मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "भाकर त्यांची न्हाई, बाई. ते नुसती ताटं फिरवत्यात. अन् मला भूक लागली व्हती."

मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. पण ती दोन वर्षांची उपाशी होती आणि मी नव्हते.

पोळ्याच्या सुमारास ती गेली. दवाखान्यात दाखल केल्यावर फार दिवस काढले नाहीत तिने. मयत गावी नेली. भाची आली, तिचा नवरा मुलीला खांद्यावर घेऊन आला. दोघं देवळात मागे, दाराजवळ बसली. दादाने त्यांच्याकडे पाहिलं आणि पाहिलं नसल्यासारखं केलं. पाळकांचा उपदेश झाला. मग गुरुजी साक्ष द्यायला उभे राहिले. आईचा स्वयंपाक, आईचं आदरातिथ्य, माझ्या वडिलांची मैत्री, सगळं सांगून झालं. मग म्हणाले, "आपली ही बहीण एकदा वाट चुकली होती. नातीच्या मोहापायी ती परक्या विधीत सामील झाली. मंडळीने तिला शिस्त म्हणून मेजापासून दूर ठेवलं. पण तिने ह्याच जागी, तुम्हा सर्वांसमोर, त्या लग्नाबद्दल रडून पश्चात्ताप केला. ही तिची सर्वांत मोठी साक्ष आहे."

मागे कोण बसलं आहे हे गुरुजींनी पाहिलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. पाहिलं असेल तर तो माणूस नीच आहे. पाहिलं नसेल तर आपल्या बोलण्याखाली कोण सापडतंय हे बघायची त्याला कधी गरजच पडलेली नाही, आणि ते काही फार बरं नाही.

मी उठले. म्हटलं, "गुरुजी, हे खोटं आहे. तिने पश्चात्ताप केला नाही. तुम्ही तिला बोलू दिलं नाही." माझा आवाज चांगला मोठा होता, देवळात सगळ्यांना ऐकू गेला. पण लेकीचं दुःख म्हणून सगळ्यांनी तो पोटात घातला. दोघी-तिघींनी मला कवेत धरून खाली बसवलं, "धीर धर, बाई, धीर धर." पाळकांनी खूण केली, पेटी सुरू झाली, आणि सगळे जण उठून स्वर्गातल्या घराचं गीत गाऊ लागले. मी त्यात ओरडत राहिले असते तर वेडी ठरले असते. मागे वळून पाहिलं तर भाची अजून बसलेलीच होती.

कबरस्तानात मूठमातीच्या वेळी ती पुढे आली नाही. कुंपणाजवळच्या बाभळीखाली उभी होती, मुठीत माती धरून. मी तिच्याकडे गेले.

"आत्या, आजीला दोन वर्षं भाकर दिली नव्हती?"

"नव्हती."

"माझ्या लग्नाला आली म्हणून?"

"होय."

"आणि तिने माफी मागितली?"

"नाही." मी तिला आईचं भाषण सांगितलं, पहिला भाग आणि मग राहिलेला, जसा मला पाठ होता तसा. तिने सगळं ऐकून घेतलं. तिकडे फावड्यांनी माती लोटायला सुरुवात झाली होती.

"हे दुसरं तिने देवळात म्हटलं?"

"म्हणू दिलं नाही."

"मग म्हटलंच नाही ना. मला का सांगितलं नाही? इतक्या वेळा विचारलं मी तिला."

"तुला त्रास होईल म्हणून. तिने मला शपथ घातली होती."

"आत्या, ज्याची लाज वाटत नाही ते माणूस लपवत नाही."

मी तिला खूप काही सांगितलं. आई कशी उठून मेणबत्तीपाशी गेली ते तिने स्वतः पाहिलं होतं, तेही मी तिला पुन्हा सांगितलं. ती मान डोलवत होती, लहान मुलाची समजूत घालताना डोलवतात तशी. मला कळलं की ती माझ्यावर विश्वास ठेवत नाहीये. मी म्हातारीची बाजू सावरून घेतेय असं तिला वाटतंय. आईने तिला जपण्यासाठी जे झाकलं, त्यानेच आता गुरुजींचं बोलणं खरं ठरवलं होतं. तिने मूठ उघडली. माती तिच्या पायाशीच पडली. हात ओढणीला पुसून तिने नवऱ्याच्या खांद्यावरून मुलीला घेतलं आणि ती गाडीकडे चालायला लागली.

दादा यंदा पंच झाला. पहिल्या रविवारी ताट घेऊन तो बायांच्या रांगेतून वाकत वाकत फिरतो, असं ऐकते. मी गावी जात नाही.

भाची माझ्या घरापासून लांब राहत नाही. मी दर रविवारी तिला फोन करते. जावई उचलतो, आदराने बोलतो, मुलगी आता चालायला लागली असं सांगतो, आणि ती कामात आहे, नंतर करेल, असं म्हणतो.